सहा फेऱ्या, तीन मैल

“अठराशे पन्नास फूट,” ती पिवळ्या जाकिटातली मुलगी म्हणाली आणि मी चालता चालता थांबले. चालताना थांबायचं नाही, हा आमच्या सकाळच्या मंडळींचा एकमेव कायदा आहे. बुटाची नाडी सुटली तरी बाजूला होऊन झटपट बांधायची आणि परत रांगेला लागायचं. मॉलमधली दुकानं दहाला उघडतात, पण दारं साडेसहालाच उघडतात. टोलेडोच्या बर्फावर पाय टाकायची ज्यांना आता छाती होत नाही अशा आमच्यासारख्यांसाठी. मार्चचा पहिला मंगळवार होता. ती मुलगी दांड्याला लावलेलं एक चाक ढकलत आमच्याच वाटेनं चालली होती. नव्या मालकांना फरशी बदलायची होती म्हणे, तिचं माप. मी आपलं गमतीनं म्हटलं, “काय गं, फिरायलाच आलीस ना? मग ते चाक ठेव की बाजूला.” तीही हसली. म्हणाली, “तुमची एक फेरी किती होते सांगू?” “मला काय सांगतेस! अर्धा मैल. ते बघ, भिंतीवर लिहिलंय.” तिनं भिंतीकडे पाहिलं. कुठल्याशा दवाखान्यानं फार वर्षांपूर्वी रंगवून दिलेलं लाल हृदय आणि त्याखाली अक्षरं: दोन फेऱ्या म्हणजे एक मैल. मग तिनं चाकावरचा आकडा पाहिला आणि ते अठराशे पन्नास बोलली. वर म्हणाली, “अर्धा मैल म्हणजे सव्वीसशे चाळीस. पूर्वी तुम्ही पलीकडच्या टोकापर्यंत जात असाल ना, तेव्हाचं असेल ते.” आणि चाक ढकलत निघून गेली. तिचा बिचारीचा काय दोष.

पलीकडचं टोक आता नाही. तिथलं मोठं दुकान चार वर्षांपूर्वी बंद पडलं, आणि मग मॉलवाल्यांनी प्लायवूडची भिंत घालून ती अख्खी बाजूच तोडून टाकली. मी चालायला लागले त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. त्या भिंतीपाशी मी दिवसातून सहा वेळा पोचते आणि सहा वेळा वळते. वाट तोकडी झालीय हे मला दिसत नव्हतं असं कोण म्हणेल? पण दिसणं वेगळं आणि बसून हिशेब करणं वेगळं. ऑक्टोबरात हॉस्पिटलमधल्या आहाराच्या बाईंनी विचारलं होतं, व्यायाम करता का? मी म्हटलं, कधीमधी. त्या म्हणाल्या, “कधीमधीनं वजन उतरत नाही, बर्नडीन. आठवड्यातून पाच दिवस. रोज तीन मैल, तासाच्या आत, अंगाला घाम सुटेल असं. दोन दिवस विश्रांती. सातही दिवस चालून गुडघा घालवून बसू नका, आणि तीन दिवस चालून माझ्यापुढं रडगाणं गाऊ नका.” मला त्या बाई आवडल्या. पाच दिवस, सहा फेऱ्या. महिन्याभरात मी पन्नास मिनिटांत सहा फेऱ्या मारायला लागले आणि स्वतःवर अशी खूश झाले म्हणून सांगू! बासष्टावं वर्ष, आणि काय चाल आहे बाई तुझी! चाल कसली डोंबलाची. दोन मैलांच्या जरा वर, तेही दुकानांच्या काचांत बघत बघत. म्हणूनच दोनशे चौदा पौंडांचे एकशे शहाण्णव झाले आणि जानेवारीपासून काटा तिथंच रुतून बसला. मला हवे होते एकशे ब्याऐंशी, सहा मेच्या आत. एकशे ब्याऐंशी पौंड भरले तर माझी एक किडनी माझ्या भावाला देता येईल. नाही भरले तर हॉस्पिटलची कमिटी नाही म्हणेल आणि कॅझ यादीत वाट बघत राहील. त्याच्या रक्तगटाची माणसं त्या यादीत पाच-पाच वर्षं असतात. कॅझकडे पाच वर्षं नाहीत. हे डॉक्टरांना माहीत आहे, मला माहीत आहे, आणि त्यालाही.

पण मला सांगायचंय ते हे नाही. सांगायचंय ते असं की त्या मुलीनं आकडा सांगितला त्या क्षणी मला राग आला नाही, वाईट वाटलं नाही. मला हायसं वाटलं. सकाळी रेडिओवर ‘बर्फामुळं शाळा बंद’ ऐकलं आणि त्या दिवशी गणिताचा पेपर असला की वाटायचं तसं. म्हणजे आता जमायचं नाही. म्हणजे माझा काही दोष नाही. भिंतीवरच चुकीचं लिहिलं होतं, त्याला मी काय करू? मी कोरड्या कारंज्याच्या कठड्यावर बसले, आणि एवढं सगळं मनात होऊन गेल्यावर मग लाज आली. अशी आली की कान तापले. आजूबाजूनं आमची मंडळी जात होती, हात हलवत, “काय बर्नडीन, दमलीस?” म्हणत, आणि मी हसून मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, अगं नालायक बाई, सख्खा भाऊ तुझा.

प्लायवूडच्या त्या भिंतीमागं माझी आई काम करायची. मी सात वर्षांची असताना मॉल उघडला आणि आई पहिल्या दिवसापासून त्या दुकानात. आधी हातमोजे, मग मुलींचे कपडे. तिच्या अंगाला दुकानाचा वास असायचा, नवीन कापडाचा, पावडरीचा आणि दाराशी भाजल्या जाणाऱ्या काजूंचा. शनिवारी कॅझ आणि मी बसनं तिला आणायला जायचो. आत शिरलं की आधी तो वास यायचा आणि मग लांबवर, सगळ्या झगमगाटाच्या शेवटी, आईचा निळा झगा दिसायचा. ती वाट मला तेव्हा किती लांब वाटायची! आता कळतंय, भिंतीमागं गेली ती सातशे नव्वद फूट, जाऊन-येऊन. तेवढेच कमी पडले. मी जाड होते. नुसती गुबगुबीत नाही, चांगली जाड, आणि दुकानात माझ्यासारख्यांसाठी वेगळा विभाग होता. त्याचं नाव मोठं गोड ठेवलेलं होतं, पण त्या विभागाची पिशवी जांभळी असायची. बाकी सगळ्या दुकानाची पांढरी. कुणाच्या डोक्यातून ही अक्कल निघाली देव जाणे! जांभळी पिशवी हातात घेऊन मॉलमधून चालायचं म्हणजे गळ्यात पाटी अडकवून चालणं. बारा वर्षांची असताना चर्चमधल्या सोहळ्यासाठी आईनं माझ्यासाठी पांढरा झगा घेतला. आईला आणखी दोन तास काम होतं, तेव्हा आम्हा दोघांना पुढं जायचं होतं, आणि बाहेर संत्र्याच्या रसाच्या गाडीपाशी कॅझच्या वर्गातली पोरं उभी. मी पिशवीकडे पाहत रडकुंडीला आलेली. कॅझ पंधराचा. त्यानं पिशवी घेतली, जाकिटाच्या आत कोंबली आणि गळ्यापर्यंत चेन ओढली. जून महिना, बाहेर अंडं तळेल असं ऊन. पोरांनी ओरडून विचारलं, “काय रे नोविट्स्की, दिवस गेलेत का?” कॅझ पोटावर हात ठेवून म्हणाला, “हो ना. जुळी आहेत.” ती पोरं हसून हसून लोळली आणि आम्ही त्यांच्या देखत निघून गेलो. बसमध्ये बसल्यावर त्यानं पिशवी माझ्या अंगावर टाकली. “ढोले, पुढच्या वेळी तुझं तू बघ हां,” म्हणाला. पुढच्या वेळीही त्यानंच आणली, आणि त्याच्या पुढच्या वेळीही.

ढोले. आजही तेच म्हणतो. दुसऱ्या कुणी म्हटलेलं त्याला खपायचं नाही. शेजारच्या एका मुलाचे त्यानं त्यापायी पुढचे दोन दात पाडले होते. त्या उन्हाळ्यात मला बारीक करायचं त्यानंच मनावर घेतलं होतं. तो सायकलवर, वर्तमानपत्रं टाकत, आणि मी मागून पळत. पळत म्हणजे काय, फासफूस करत. “तुला बोलता येतंय ना? मग तू पळत नाहीयेस!” असं मागं वळून ओरडायचा. मी शिव्या द्यायचे. “बघ, शिव्यासुद्धा देता येतायत!” आमच्या गल्लीतली मेपलची झाडं, ओल्या फुटपाथवर पडलेले कागद, बेकरीतून येणारा खमीराचा वास, आणि पुढं त्याची ती पाठ. पन्नास वर्षं झाली. गुरुवारी, डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, मी त्याच्या घरी जाते तेव्हा तीच पाठ खुर्चीत मुरून गेलेली असते, आणि मनात येतं की ह्या माणसाच्या मागं मी पळत होते. एका पौंडाचासुद्धा फायदा झाला नाही त्या पळण्याचा, पण तो उन्हाळा मला कुणी परत दिला तर मी दुसरं काही मागणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी ओपलबाईंना गाठलं. ओपल हॅथवे, वय चौऱ्याऐंशी, आमच्यात सगळ्यांत जुन्या. मॉल उघडल्या वर्षापासून चालतात. मी त्यांच्या बरोबरीनं पावलं टाकत म्हटलं, “ओपलबाई, फेरी अर्धा मैल नाहीये.”

“नाहीच आहे,” त्या म्हणाल्या. अगदी थंडपणे.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“भिंत घातली त्याच दिवशी मी पावलं मोजली. मला काय कळत नाही होय?”

“अहो मग बोलला का नाहीत? पाच महिने मी येड्यासारखी सहा फेऱ्या, तीन मैल, सहा फेऱ्या, तीन मैल करतेय!”

त्यांनी पुढं हनुवटी दाखवली. पुढं वॉल्टर चालला होता, हात थरथरत होता, बायको एक पाऊल मागं. “वॉल्टर चार फेऱ्या मारतो. घरी जाऊन मुलीला फोन करतो आणि सांगतो, आजही दोन मैल झाले. त्याला मी काय सांगू, की बाबा तुझे दीडसुद्धा होत नाहीत? वजन उतरवायला कोण येतंय इथं, बर्नडीन? आम्हाला फक्त कालच्याइतकं चालायचं असतं.” मग थांबून, म्हणजे चालतच, पण माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या, “तू का एवढी चिडलीस? तुझं काय अडलंय तीन मैलांवर?”

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की पाच महिने ह्यांच्याबरोबर चालूनही मी एका माणसाला सांगितलेलं नव्हतं. वजन कमी करायचंय म्हटलं होतं. कशासाठी ते नाही. आमच्यात कुणाचे खुबे बदलले, कुणाच्या मुलीचा घटस्फोट झाला, सगळं पहिल्या फेरीत सांगून होतं. मीच तेवढी गप्प. का? कारण सांगितलं की रोज कुणीतरी विचारणार, मग माघार घेता येणार नाही. माघार घ्यायला जागा ठेवली होती मी, झाडू ठेवायच्या कपाटाएवढी. आई एकसष्टाव्या वर्षी पित्ताशयाचं ऑपरेशन करायला गेली होती. साधं ऑपरेशन. जाताना तिनं फ्रिजवर चिठ्ठी लावली, सूप आहे, गरम करून घ्या. चार दिवसांनी आम्ही ते सूप फेकलं. कॅझनं भांडं घासलं आणि घासतच राहिला. मी त्याच्या हातातून काढून घेतलं तेव्हा त्याची बोटं लाल झाली होती. तेव्हापासून हॉस्पिटलच्या जिन्यातला वास आला की मी तोंडानं श्वास घेते. मरायची भीती वाटते असं नाही, असं मी लोकांना सांगते. खोटं आहे ते. वाटते. चांगली वाटते. त्या चाकवाल्या मुलीनं नकळत माझं तेच कपाट उघडलं होतं, आणि मी आत लपायला निघाले होते. पंधरवड्यापूर्वी, ईस्टरआधीचे उपवास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, कॅझ बेकरीतून पोंचकी, म्हणजे तळलेले गोड पाव, घेऊन आला होता, आलुबुखाऱ्याचा मुरंबा भरलेली, अख्खी बारा. त्याला स्वतःला अर्धीसुद्धा परवानगी नाही. “खा गं, वर्षातनं एकदा तर मिळतात,” म्हणाला, आणि मी तीन खाल्ली तोवर समोर बसून बघत राहिला. तेव्हा मला ते नुसतं प्रेम वाटलं होतं.

“माझ्या भावाला किडनी द्यायचीय,” मी ओपलबाईंना म्हटलं. “चौदा पौंड जास्त आहे.” सांगितलं आणि रडू आलं. ओपलबाई थांबल्या. खरोखर थांबल्या, मॉलच्या मधोमध, मागची माणसं त्यांना वळसा घालून जाऊ लागली. “आणि हे तू आत्ता सांगतेस?” त्या म्हणाल्या. “मूर्ख कुठली. नऊ. नऊ फेऱ्या म्हणजे तीन मैल आणि वर थोडे. चल, माझ्याबरोबर रेंगाळू नकोस.”

त्यानंतरचे नऊ आठवडे माझे राहिले नाहीत. मी पुढं निघून गेले तरी आवाज मागं यायचे. “पाच, बर्नडीन!” “सहा झाल्या, बाकावर नजर नको!” वॉल्टर बोटं दाखवायचा, ती थरथरायची, त्यामुळं सात आहेत की आठ हे कळायचं नाही, मी आपलं कमी धरायचे. सातव्या फेरीला पोटरीत आग व्हायची. आठवीला श्वास घशाशी खरखरायचा, दुकानांच्या काचेतली ती लालबुंद, केस चिकटलेली बाई मी आहे हे बघवायचं नाही. नववीला मात्र काहीतरी व्हायचं. कान बंद व्हायचे, पाय आपसूक पडायचे, आणि मला भाजल्या काजूंचा वास यायचा. तिथं काजूवाला नाही, वीस वर्षं नाही. तरी यायचा. भिंतीपाशी वळताना वाटायचं की प्लायवूड नाहीच आहे, आणखी पुढं जायचंय, आणि तिथं दिव्यांच्या शेवटी निळा झगा उभा आहे. सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवार घरी बसून राहणं चालण्याहून अवघड झालं. पण आहाराच्या बाईंनी बजावलं होतं, दोन दिवस म्हणजे दोन दिवस. कॅझचे मशीनवरचे तीन दिवस आणि माझे चालायचे पाच. आमच्या दोघांचा आठवडा डॉक्टरांनी वाटून घेतला होता. एकशे नव्वद. एकशे सत्त्याऐंशी. पुढचा एक आठवडा काहीच नाही, मी वजनकाट्याला लाथ मारली आणि अंगठा सुजवून घेतला. एकशे चौऱ्याऐंशी. आणि जसजसा आकडा उतरे तसतशी रात्री झोप उडे, हेही खरं. सकाळी मी त्याच्यासाठी चालत होते आणि संध्याकाळी स्वतःसाठी घाबरत होते. दोन्ही अगदी मनापासून.

सहा मेला, बुधवारी, मी हॉस्पिटलात गेले. बूट काढले, घड्याळ काढलं, कानातलं काढलं. नर्स हसली, म्हणाली, “कानातल्यानं काय होतंय?” मी म्हटलं, “तुम्हाला काय माहीत, बाई.” काट्यावर उभी राहिले आणि डोळे मिटले. तिनं आकडा वाचला. एकशे एक्क्याऐंशी आणि वर थोडं. मग कागदपत्रं सांभाळणाऱ्या बाई आल्या, त्यांनी माझे दोन्ही हात धरले, पेन्सिलनं लिहून ठेवलेली ऑपरेशनची तारीख पेननं गिरवली आणि काय काय पाळायचं ते सांगत राहिल्या. मी सगळ्याला हो हो म्हटलं. ते कपाट कुठं गेलं, शोधत होते. नव्हतं.

तिथून थेट कॅझकडे गेले. बुधवार, म्हणजे तो मशीनवर. मुद्दामच तिथं गाठला त्याला. अजून दोन तास नळ्या लावलेल्या, उठून जाता येणार नव्हतं. त्या लांबलचक खोलीत सगळ्या खुर्च्यांवर माणसं पांघरुणं घेऊन पडलेली असतात, कारण रक्त बाहेर फिरून आलं की थंडी वाजते. मी म्हटलं, “झालं. एकशे एक्क्याऐंशी.”

त्याचा चेहरा उजळला नाही. मी त्या चेहऱ्यासाठी नऊ आठवडे चालले होते, आणि तो चेहरा पडला. त्यानं छताकडे पाहिलं. मग म्हणाला, “मला वाटत होतं, तुला जमायचं नाही.”

“आभारी आहे हां.”

“तसं नाही, ढोले.” तो छताकडेच बघत बोलत होता. “मी रोज प्रार्थना करत होतो की जमू नये. नाही म्हणायची माझ्यात हिंमत नाही. मला जगायचंय गं. म्हणून म्हटलं, काट्यानंच नाही म्हणावं. आईसारखं तुझं काही झालं तर मी तुझी किडनी घेऊन काय करू? कुणाबरोबर जगू?”

शेजारच्या खुर्चीतल्या माणसानं टीव्हीचा आवाज वाढवला, आमच्यासाठीच बहुतेक. मी म्हटलं, “मलाही नापास व्हायचं होतं.” हे वाक्य मी कधी तोंडातून काढलं नव्हतं, मनातसुद्धा नीट म्हटलं नव्हतं. “फेरी कमी भरतेय असं कळलं ना, त्या दिवशी मला आनंद झाला होता, कॅझ. आनंद. तुला कळतंय का मी काय सांगतेय?”

मला वाटलं, आता तोंड फिरवेल. त्याच्या मोकळ्या हातानं त्यानं माझं मनगट धरलं. हात गार पडला होता.

“मग?” तो म्हणाला.

“मग काय? अकरा जूनला पहाटे साडेपाचला बोलावलंय. दोघांनाही. उपाशीपोटी.”

“उपाशी?” तो म्हणाला. “तू?” आणि पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. पांघरुणाखाली त्याचे खांदे बराच वेळ हलत होते. मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले. अजून दोन तास होते.